लोकमान्यांचे पथ्य

लोकमान्य टिळकांचे नाव घेतले की केसरीतील अग्रलेख, सार्वजनिक गणेशोत्सव, राजद्रोहाचे खटले, मंडालेचा तुरुंग आणि गीतारहस्य डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांच्या ताटाकडे मात्र चरित्रवाचकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक वयाच्या बावन्नाव्या वर्षी मधुमेहाने ग्रासलेला एक गृहस्थ सहा वर्षांच्या कैदेत जातो, त्या काळी या रोगावर हमखास उपयोगी पडणारे एकही औषध जगात उपलब्ध नसते, आणि तरीही तो तेथून एक महाग्रंथ लिहून परत येतो, पुढे आणखी सहा वर्षे देशभर आणि विलायतेतही फिरतो. हे कसे घडले, याच्या उत्तराचा एक मोठा भाग त्यांच्या आहारात सापडतो.

आपल्या गोव्याला या उत्तराची विशेष गरज आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील १ लाख १३ हजार लोकांच्या त्या पाहणीत देशातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. चार प्रौढांमागे एक, असा हा हिशेब आहे. मुळगावातल्या कोणत्याही वाड्यावर सलग चार-पाच घरे फिरून आले तरी साखरेच्या गोळ्यांचा डबा एखाद्या घरातील फडताळावर दिसावा, अशी ही स्थिती आहे. म्हणून टिळकांच्या आयुष्याकडे आज त्यांच्या ताटाच्या बाजूने पाहू.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत संस्कृतचे जाणकार आणि शिक्षण खात्यात नोकरीला. आई लहानपणीच गेली आणि सोळाव्या वर्षी वडिलांचेही छत्र हरपले. प्रकृतीने हा मुलगा किरकोळच होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर या किरकोळ देहाकडे त्याचे लक्ष गेले आणि त्याने एक विलक्षण निर्णय घेतला. पहिले संपूर्ण वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यायचे. कुस्ती, दंड, पोहणे, होडी वल्हवणे आणि त्या कष्टांना साजेसा भरपूर सकस आहार, असा तो क्रम होता. त्या वर्षी परीक्षेत अपयश आले, पण त्याची खंत त्याने बाळगली नाही. पुढील आयुष्यात जे सोसावे लागले, त्याचा पाया या एका वर्षात घातला गेला, अशी टिळकांची आणि त्यांच्या चरित्रकारांचीही धारणा होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तरुणपणी शरीराला भरपूर अन्न लागते, कारण ते भरपूर खर्चही करते. चाळिशीनंतर खर्च घटतो, स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात; ताट मात्र जुन्याच मापाने वाढले जाते. उरलेले अन्न चरबी होऊन पोटाभोवती साठते. डेक्कन कॉलेजातील पहिलवानी आहार हा त्या वयाचा आहार होता. त्याच टिळकांना तीस वर्षांनी अगदी वेगळे ताट घ्यावे लागले आणि दोन्ही वेळा त्यांनी घेतलेले ताट योग्यच होते.

शिक्षण संपवून टिळक सार्वजनिक कार्यात पडले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१च्या जानेवारीत केसरी व मराठा ही पत्रे सुरू झाली. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली व १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. तेथील निकृष्ट अन्नाने टिळकांचे वजन सुमारे चोवीस पौंडांनी, म्हणजे जवळजवळ अकरा किलोंनी उतरले. तरुण शरीराने ते लवकरच भरून काढले.

१८९७ साल अधिक कठीण होते. प्लेगच्या दिवसांत केसरीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी मिळाली. त्यावेळी ते एकेचाळीस वर्षांचे होते. भाकरी आणि कांदा-लसूण घातलेले कालवण असे कैद्याचे साधे जेवण. टिळकांना कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून कालवण बाजूला सारून कोरडी भाकरी पाण्यात भिजवून पोटात ढकलायची, असे दिवस त्यांनी काढले. वजन झपाट्याने घटले, अशक्तपणा आला. बाहेर त्यांच्या सुटकेसाठी प्रयत्न झाले. ऋग्वेदाचे जर्मन पंडित माक्स म्युल्लर यांच्यासारख्यांनी अर्जावर सह्या केल्या आणि सप्टेंबर १८९८मध्ये, मुदतीपूर्वीच, त्यांची सुटका झाली. प्रकृती सावरण्यासाठी ते सिंहगडावर जाऊन राहिले. गडावरची स्वच्छ हवा त्यांना नेहमीच मानवत असे.

या दोन्ही तुरुंगवासांत टिळकांचे वजन कमी झाले आणि दोन्ही वेळा आरोग्य बिघडले. आजही वजन उतरवण्याच्या घाईत अनेक जण याच वाटेने जातात. दोन-तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहायचे, काट्यावरचा आकडा खाली आला की समाधान मानायचे. अशा घटीत चरबीबरोबर स्नायूही जातात. पुन्हा नेहमीचे जेवण सुरू झाले की चरबी परत येते, स्नायू मात्र तितक्या सहज परत येत नाहीत. काट्यावरचा आकडा तेवढा पाहून आरोग्य कळत नाही, हे डोंगरी आणि येरवड्याच्या अनुभवावरून स्पष्ट दिसते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टिळकांना मधुमेहाने गाठले. चाळीस-पन्नाशीचे वय, रात्री उशिरापर्यंत बैठे लेखन, सभा-संमेलनांची दगदग, कोर्टकचेऱ्यांचा ताण. आजच्या वैद्यकाने धोक्याची म्हणून जी यादी केली आहे, तिच्यातील बरेच काही त्यांच्या दिनक्रमात होते. या रोगाची ओळख आपल्याकडे फार जुनी. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मूत्र मधासारखे गोड होणारा मधुमेह त्यांपैकी एक आहे. त्यांच्या चिकित्सेत औषधींच्या बरोबरीने आहार आणि कष्ट यांना स्थान आहे. स्थूल रोग्याला लंघन व व्यायाम, कृश रोग्याला पोषण, असा भेद त्यांनी केला होता. सुश्रुतसंहितेत तर अशा रोग्याने मैलोगणती पायी चालावे किंवा विहीर खणावी, अशा अर्थाचा उपदेश येतो. आणि धान्यांमध्ये या रोगासाठी सर्वांत श्रेष्ठ म्हणून चरकाने जव सांगितला आहे. हाच मराठीतला सातू.

२२ जुलै १९०८च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. प्रथम साबरमतीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सामान्य कैद्याच्या अन्नावर तेथे थोड्याच दिवसांत त्यांचे वजन बरेच घसरले, तेव्हा अधिकाऱ्यांना आहारात दूध-तुपाची भर घालणे भाग पडले. शिक्षेचे स्वरूपही बदलून साधी कैद करण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना समुद्रमार्गे ब्रह्मदेशातील मंडालेला नेण्यात आले.

मंडालेचा उन्हाळा अंगाची लाही करणारा होता. तुरुंगाची इमारत लाकडी, आसपास भाषा अनोळखी, घरचे माणूस हजारो मैल दूर. अशा ठिकाणी मधुमेही माणसाची अवस्था काय व्हावी, याची कल्पना करता येईल. तुरुंगात स्वयंपाकासाठी त्यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यातील कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी देण्यात आला होता. त्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींमुळे टिळकांच्या तेथील दिनक्रमाचे चित्र आपल्याला मिळते.

त्या दिनक्रमात आहाराची शिस्त केंद्रस्थानी होती. भात आणि गहू ही आयुष्यभराची सवयीची धान्ये टिळकांनी बाजूला ठेवली. जागा घेतली सातूच्या पिठाने. त्या पिठाच्या पुऱ्या, सोबत दूध, दही, तूप असे मोजके पदार्थ, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रमाणात. कोकणातल्या ब्राह्मण घरात वाढलेल्या माणसाला भाताविना जेवण म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगायला नको. दुपारच्या पानावर भात नसेल तर जेवलो असे आपल्याला वाटतच नाही. टिळकांनी ते वाटणे बाजूला सारले आणि वर्षानुवर्षे सारले. परिणाम असा झाला की लघवीतील साखर आटोक्यात आली आणि अंगात काम करण्याची शक्ती राहिली.

सातूने असे काय केले, याचे उत्तर आज अधिक नेमकेपणाने देता येते. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. तो पोटात चिकट दाट द्रव तयार करतो, त्यामुळे अन्न पुढे सावकाश सरकते आणि त्यातील साखर रक्तात हळूहळू उतरते. १९८१ साली टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नपदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतात, हे मोजण्याचे एक माप मांडले. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले तर पांढरा भात साधारण ७०च्या घरात येतो आणि अख्खा शिजवलेला जव ३०च्या आसपास. चरकाने अनुभवाने जे सांगितले, टिळकांनी जे पाळले, त्याला सुमारे सत्तर वर्षांनी आकड्याचे बळ मिळाले. सोबतच्या दूध-तुपाने पोट लवकर भरे आणि भूक बराच वेळ शमलेली राही. कमी खाऊनही उपाशी वाटू नये, ही कोणत्याही टिकाऊ पथ्याची पहिली अट असते आणि ती येथे आपोआप पुरी झाली.

टिळकांचा हा अनुभव जगात एकटा नव्हता. १८७०-७१मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला, तेव्हा शहरात अन्न मोजून मिळू लागले. त्या टंचाईत आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्याच्या ध्यानात आले आणि त्याने कमी खाणे व अधिक श्रम यांवर उपचाराची पद्धत उभी केली. मंडालेच्या दिवसांनंतर लवकरच अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन या डॉक्टरांनी मधुमेह्यांना कडक उपासमारीचा आहार देण्यास सुरुवात केली. त्याने काहींचे आयुष्य लांबले, काही जण मात्र अस्थिपंजर होऊन गेले. या दोन टोकांच्या मध्ये टिळकांचे पथ्य उभे राहते. धान्य बदलले, प्रमाण बांधले, वेळ पाळली आणि पोषण मात्र तोडले नाही.

या पथ्याच्या आधारावरच गीतारहस्य लिहिले गेले. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत टिळकांनी पेन्सिलीने त्या ग्रंथाचा खर्डा पूर्ण केला. तुरुंगातच त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला, शेकडो ग्रंथ वाचले. अनियंत्रित मधुमेहात थकवा, वारंवार लागणारी तहान आणि डोळ्यांपुढे येणारी अंधारी माणसाला बसू देत नाहीत. पाच महिने एकाग्र बैठक मारून हजारो वर्षांच्या तत्त्वविचाराचा मेळ घालणे त्या स्थितीत अशक्यप्राय ठरले असते. जून १९१२मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची तार मंडालेत पोहोचली. ते दुःख त्यांनी एकट्याने पचवले आणि दिनक्रम ढळू दिला नाही. मन खचले की माणसाचे पहिले सुटते ते पथ्य. टिळकांचे ते सुटले नाही.

जून १९१४मध्ये टिळक पुण्याला परतले. वय सत्तावन्न. अनेकांनी गृहीत धरले होते की आता हा माणूस ग्रंथलेखनात उरलेले दिवस घालवील. घडले वेगळेच. १९१५मध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झाले. १९१६च्या एप्रिलमध्ये होमरूल लीगची स्थापना झाली, जुलैत साठीनिमित्त मिळालेली एक लाख रुपयांची थैली त्यांनी राष्ट्रकार्याला अर्पण केली, आणि डिसेंबरमध्ये लखनौ काँग्रेसमधील ऐतिहासिक करारात प्रमुख भाग घेतला. त्यानंतर दौऱ्यांमागून दौरे झाले. १९१८च्या उत्तरार्धात ते विलायतेला गेले आणि चिरोल खटल्यासह तेथील काम आटोपून १९१९च्या अखेरीस परतले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात, थोड्या दिवसांच्या तापाच्या आजारानंतर, चौसष्टाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

काळाचा खेळ पाहा. टिळक गेल्यानंतर वर्षभरातच, १९२१च्या उन्हाळ्यात, टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनवरील प्रयोग हाती घेतले आणि जानेवारी १९२२मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली मात्रा टोचण्यात आली. टिळकांच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. होते ते फक्त अन्न, वेळ आणि निश्चय.

आज औषधे आहेत आणि ती असावीतच. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता एकदम जेवण बदलले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, हे प्रत्येक रोग्याने लक्षात ठेवावे. तथापि औषध आले म्हणून ताटाचे महत्त्व संपले, असे समजण्याचे कारण नाही. २०१७मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षे न उलटलेल्या रोग्यांचे वजन देखरेखीखाली, मोजक्या आहाराने उतरवण्यात आले. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मर्यादेत आली होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा अधिक वजन उतरवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. यकृत आणि स्वादुपिंडातील साठलेली चरबी कमी झाली की शरीराचे इन्सुलिन पुन्हा काम करू लागते, असे यामागचे कारण सांगितले जाते. चेन्नईत झालेल्या एका अभ्यासातही, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांनी आहार आणि चालणे सुधारल्यावर रोग जडण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्या लोकांना थोड्या चरबीनेही हा रोग गाठतो. म्हणूनच पुरुषांनी कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे तज्ज्ञ सांगतात. हे माप घ्यायला शिंप्याची फीत पुरे.

आपल्याकडे सातू पिकत नाही, ही सबब होऊ शकत नाही. डिचोली-पेडण्याच्या जुन्या स्वयंपाकघरात नाचणीचे आंबील होते, कुळथाचे पिठले होते, अळसांदे होते, पावसाळ्यात तायकिळ्याची भाजी होती. पॉलिश केलेल्या सुरय तांदळाऐवजी उकडा तांदूळ होता, तोही चिखलात दिवसभर राबलेल्या माणसाच्या पानावर. मुळगावच्या शेतात सरद आणि वायंगण अशी दोन पिके घेणाऱ्या पिढीने भाताचा डोंगर खाल्ला तरी तो संध्याकाळपर्यंत जिरत असे. आज खुर्चीवर आणि दुचाकीवर दिवस काढणारी तिची नातवंडे तेवढाच भात खातात, शिवाय सकाळी पाव, दुपारनंतर भजी आणि चार वेळा साखरेचा चहा. भात सोडावाच लागतो असे नाही. तो अर्धा करून उरलेली जागा भाजी, डाळ, कडधान्य आणि मासळीने भरावी, आठवड्यातील काही जेवणे नाचणीवर घ्यावीत, तहान साध्या पाण्याने भागवावी, आणि जेवल्यावर देवळापर्यंत फेरी मारावी. हे कोणाच्याही आवाक्यातले आहे.

संयम आपल्याला शिकवावा लागत नाही. मुळगावची केळबाय आणि शिरगावची लईराई या बहिणी, अशी येथील श्रद्धा. लईराईच्या जत्रेत अग्निदिव्य करणारे धोंड त्याआधी काही दिवस नेमाने स्नान करतात, व्रतस्थ राहतात, ठरलेलेच अन्न खातात. त्यांत शेतकरी असतात, कारकून असतात, ट्रकचालक असतात. देवीसाठी काही दिवस जिभेवर ताबा ठेवणारा माणूस स्वतःच्या देहासाठी तो ठेवू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. फरक इतकाच की देवीचे व्रत जत्रेने पुरे होते, देहाच्या व्रताला मात्र समाप्तीचा दिवस नसतो.

टिळकांनी ते सहा वर्षे अशा जागी पाळले, जेथे दुसरे काहीच त्यांच्या हातात नव्हते. दार कोणी उघडायचे, पत्र कधी पाठवायचे, कोणाला भेटायचे, हे सारे सरकार ठरवीत होते. पुढ्यातल्या पानातले किती घ्यायचे आणि किती सोडायचे, एवढे मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवले. आपल्यापैकी प्रत्येकाकडे तो अधिकार रोज किमान दोन वेळा येतो.